सतराव्या वर्षीचा होकार

मनुष्याने कोणत्या वयात किती मोठे वचन द्यावे, हा प्रश्न तसा जुनाच आहे. विवाहाच्या वेदीपुढे तो उभा राहतो. गुरुदीक्षेच्या आणि व्रतांच्या आधीही तो उभा राहतो. अलीकडच्या काळात तो आणखी एका दाराशी येऊन थांबला आहे. मात्र तेथे त्याच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. ते दार वैद्यकीय महाविद्यालयाचे. अमेरिकेतील काही विद्यापीठे शाळा संपवीत असलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना एकाच पत्राने दोन जागा देऊ करतात. एक जागा पदवीच्या वर्गातील, आणि दुसरी त्यानंतरच्या वैद्यकीय शाळेतील. विद्यापीठ म्हणते, तू अमुक इतके गुण राख, आम्ही तुला डॉक्टर करू. मुलाने म्हणायचे असते, मी डॉक्टर होईन. आमच्या वसई परिसरातून तिकडे जाऊन स्थिरावलेल्या कुटुंबांतील काही मुलांच्या हातीही असे पत्र पडले आहे, आणि त्या आनंदाचे पेढे इकडे आमच्या वाट्यास आले आहेत. पेढे गोड होते, ह्यात शंका नाही. परंतु त्या होकारामागे जो नैतिक प्रश्न दडलेला आहे, त्याचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा, असे आम्हांला बरेच दिवस वाटत आहे.

अमेरिकेतील नेहमीची वाट आपल्याहून वेगळी आहे. तेथे शाळा संपवून सहसा कोणी थेट वैद्यकीय शिक्षणाकडे जात नाही. प्रथम चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची प्रवेश-परीक्षा, अर्ज आणि मुलाखती, मग चार वर्षांची एम.डी., आणि त्यानंतर निवडलेल्या शाखेप्रमाणे साधारण तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. ही वाट उगाच लांबलेली नाही. एकोणिसाव्या शतकात तेथील कित्येक वैद्यकीय शाळा फी भरू शकणाऱ्या जवळजवळ कोणालाही दाखल करून घेत. १८९३ साली बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने आपली वैद्यकीय शाळा उघडली, तेव्हा प्रवेशासाठी पदवीची अट घातली. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या धक्क्याने अनेक निकृष्ट शाळा बंद पडल्या आणि आधी महाविद्यालयीन शिक्षण, मग वैद्यक, हा क्रम रूढ झाला. रुग्णाच्या अंगाला हात लावण्यापूर्वी माणूस थोडा पिकलेला असावा, ही त्यामागची एक समजूत होती, असे म्हणता येईल.

अर्ध्या शतकानंतर ह्या क्रमाला फाटा देणारे प्रयोग सुरू झाले. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९६१ साली असा एकत्रित अभ्यासक्रम काढला. तो कित्येक दशके चालला आणि पुढे बंद करण्यात आला. १९७१ साली कॅन्सस सिटी येथे मिसुरी विद्यापीठाची नवी वैद्यकीय शाळा निघाली. तिने शाळकरी मुलाला अवघ्या सहा वर्षांत दोन्ही पदव्या देण्याचे ठरविले. १९७३ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने असाच अभ्यासक्रम सुरू केला. शहरातील गरीब व अल्पसंख्य समाजांतून डॉक्टर निर्माण व्हावेत आणि त्यांनी डॉक्टरांची वाण असलेल्या वस्त्यांत काम करावे, ही त्यामागची दृष्टी होती. १९८४ साली ब्राऊन विद्यापीठाने आठ वर्षांचा अभ्यासक्रम आखला. तेथे वर्षे वाचविण्याचा हेतूच नव्हता. मुलांनी चार वर्षे मोकळेपणाने इतिहास, संगीत, तत्त्वज्ञान, काय हवे ते शिकावे आणि मग वैद्यकाकडे वळावे, ही कल्पना होती. म्हणजे वचन एकच, पण ते देण्यामागील हेतू तीन : कोठे वेळ व पैसा वाचविणे, कोठे समाजाची सेवा, कोठे मनाची मशागत.

ह्या मुलांचे आयुष्य कसे असते, हे जवळून पाहिले म्हणजे त्या वचनाचे वजन कळते. कॅन्सस सिटीचेच उदाहरण घ्या. तेथे मूल वसतिगृहात येते तेव्हा घरची आठवण अजून ओली असते. पहिल्याच वर्षी त्याच्या हाती रसायनशास्त्राचे पुस्तक येते आणि रुग्णालयाचे दारही उघडते. विद्यार्थ्यांचे लहान लहान गट करून प्रत्येक गट एका अनुभवी डॉक्टरच्या हवाली केला जातो. त्याला तेथे डोसंट म्हणतात. तो त्यांना रुग्णाच्या खाटेपाशी नेतो, कसे विचारावे, कसे ऐकावे, हे दाखवतो. बरोबरीची इतर मुले उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत घरी जातात, भटकतात, प्रेमात पडतात, विषय बदलतात. ह्या मुलांची सुट्टी बहुतांशी अभ्यासक्रमातच विरघळून जाते. सकाळी जीवशास्त्राची चाचणी देऊन आलेला मुलगा दुपारी आजोबांच्या वयाच्या रुग्णापुढे उभा असतो. त्याने अजून मरण पाहिलेले नसते. कदाचित त्याच्या घरात कोणी फारसे आजारीही पडलेले नसते.

ह्यात एक मोठे सुख आहे, ते आम्ही लपविणार नाही. ज्याला अशी जागा मिळालेली नसते, तो अमेरिकन विद्यार्थी चार वर्षे भीतीच्या छायेत काढतो. एखादा विषय आवडतो म्हणून घ्यावा, तर त्यात गुण कमी पडतील. शेजारच्या मुलाला टिपणे द्यावीत, तर तो आपल्या पुढे जाईल. अनाथाश्रमात वा रुग्णालयात सेवेला जावे, तर तेथील तास अर्जात मोजून लिहायचे असतात. सेवेचे तास मोजू लागलेल्या मनाला सेवा कधी कळणार, असा प्रश्न आमच्या मनात येतो. डाव्या हाताचे उजव्याला कळू नये, असे आपल्याला शिकविले गेले आहे, आणि येथे तर उजव्या हाताने डाव्याचा हिशेब ठेवून तो समितीपुढे मांडायचा असतो. ज्याची जागा निश्चित झाली आहे, तो ह्या हिशेबातून पुष्कळसा सुटतो. ब्राऊनमधील विद्यार्थ्याला आपल्या वैद्यकीय शाळेत जाण्यासाठी एमकॅट द्यावी लागत नाही, आणि पदवीसाठी तो कोणताही विषय घेऊ शकतो. त्याने ग्रीक शिकावे, सतार ऐकावी, वृद्धाश्रमात जाऊन कोणाही मोजणाऱ्याशिवाय बसावे. भयमुक्त तारुण्य ही लहान देणगी नव्हे.

मग बिनसते कोठे? हे सांगण्यासाठी आम्हांला घरातील एक गोष्ट उघड करावी लागेल. तिच्यात आमचाच दोष आहे.

आमची एक मावसबहीण नर्सिंगचे शिक्षण घेऊन लग्नानंतर अमेरिकेस गेली. वीस वर्षे तिने रात्रपाळ्या केल्या. डॉक्टर काय करतो आणि नर्सला काय करता येत नाही, हे तिने प्रत्येक रात्री पाहिले. आपल्या मुलीने त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभे राहावे, असे तिला वाटले तर त्यात हाव नव्हती. त्या इच्छेमागे तिचे पाय सुजलेले होते. मुलगी हुशार निघाली आणि तिला अशा एका एकत्रित अभ्यासक्रमात जागा मिळाली. तिसऱ्या वर्षी तिने घरी सांगितले, मला एक वर्ष थांबायचे आहे. तिला दुसरे काही व्हायचे होते, असेही नाही. तिला एवढेच उमगत नव्हते की सतराव्या वर्षी दिलेला होकार आपला होता की आईचा. घरात वादळ उठले. वडील म्हणाले, अशी जागा कोणी सोडते का? रात्री आमच्याकडे फोन आला. तुम्ही चार पुस्तके वाचलेली आहेत, तुमचे ती ऐकते, तिला पत्र लिहा.

आम्ही पत्र लिहिले. त्यात आईच्या रात्रपाळ्या घातल्या, तिच्या आजीचा आजार घातला, त्याग हा शब्द दोन-तीनदा घातला, मागे वळून पाहणाऱ्या नांगऱ्याचा दृष्टांतही घातला. मुलीला मराठी वाचता येत नव्हते, म्हणून आईनेच ते तिला वाचून दाखविले. तो सबंध प्रसंग आज आठवला की आम्हांला संकोच वाटतो. मुलगी थांबली नाही. ती डॉक्टर झाली. आज ती लहान मुलांची डॉक्टर आहे आणि तिच्या हाताला गुण आहे, असे तिच्याबरोबर काम करणारे सांगतात. म्हणजे आमचे पत्र यशस्वी झाले म्हणायचे. काही वर्षांनी ती आजीच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेला गावी आली होती. संध्याकाळी ओट्यावर बसली असताना सहज म्हणाली, "मामा, तुमचं पत्र छान होतं. पण त्यात तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नव्हता." तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर आम्हांला उत्तर देता आले असते.

तेव्हापासून आम्ही ह्या प्रश्नाकडे नव्याने पाहू लागलो. अ‍ॅरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या भागात एक निरीक्षण नोंदवितो. तरुण माणूस भूमितीत किंवा गणितात प्रवीण होऊ शकतो. परंतु व्यवहारातील शहाणपण त्याच्यापाशी सहसा नसते, कारण ते विशिष्ट अनुभवांतून येते आणि अनुभवाला वेळ लागतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ह्या निरीक्षणात आजच्या प्रवेश-पद्धतीची अडचण नेमकी सापडते. सतराव्या वर्षी मुलाची जी परीक्षा घेता येते, ती भूमितीची. त्याच्याकडून जे वचन घेतले जाते, ते मात्र शहाणपणाचे. गुणपत्रिका सांगते की हा मुलगा शिकू शकेल. पहाटे तीन वाजता एका मरणाऱ्या माणसाच्या नातेवाइकांपुढे त्याला उभे राहायचे आहे का, हे गुणपत्रिकेला ठाऊक नसते, आणि मुलालाही ठाऊक नसते.

तर मग सतराव्या वर्षी कोणी वचनच देऊ नये काय? असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पूर्ण ज्ञान होईपर्यंत थांबायचे ठरविले, तर कोणीही कधीच काहीही होणार नाही. लग्नाच्या वेदीपुढे उभे असलेले जोडपे तरी पुढच्या चाळीस वर्षांबद्दल काय जाणत असते? फ्रान्समधील कॅथोलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल (१८८९–१९७३) यांनी ह्या कोड्याचा फार प्रामाणिकपणे विचार केला आहे. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका ग्रंथात त्यांनी एक साधा प्रसंग मांडला. मरणाच्या वाटेवर असलेल्या एका परिचिताला ते भेटायला गेले. त्या क्षणी मन कळवळले आणि पुन्हा येईन, असे त्यांनी कबूल केले. काही दिवसांनी तो कळवळा ओसरला. आता जायचे, तर ते ढोंग ठरेल काय? न जायचे, तर वचनभंग होईल. उद्याच्या भावनांची हमी आज कोण देऊ शकतो? मार्सेल यांचा एकूण विचार आम्हांला जसा समजला तसा सांगायचा, तर निष्ठा म्हणजे जुनी भावना बरणीत घालून टिकविणे नव्हे. निष्ठा ही एका व्यक्तीशी असते, आणि त्या व्यक्तीच्या समोर जाऊन ती पुन्हा पुन्हा नव्याने निर्माण करावी लागते.

ह्या विचाराने आमच्या मनातील एक गाठ सुटली. वचन जेव्हा व्यक्तीला दिलेले असते, तेव्हा त्याला चेहरा असतो, आणि भावना आटली तरी तो चेहरा आपल्याला पुन्हा बोलावतो. वचन जेव्हा एखाद्या जागेला, पदवीला वा प्रतिष्ठेला दिलेले असते, तेव्हा ते नूतन करायला समोर कोणीच नसते. मग विचारावेसे वाटते, सतराव्या वर्षी त्या मुलाने वचन दिले कोणाला? विद्यापीठाला? रात्रपाळ्या करणाऱ्या आईला? की त्या रुग्णाला, जो अजून त्याला भेटलेलाच नाही? डॉक्टरचे खरे वचन तिसऱ्याला असते. म्हणून ते खऱ्या अर्थाने द्यायचे, तर आधी त्याची गाठ पडली पाहिजे. पहिल्याच वर्षी मुलांना खाटेपाशी नेण्याची पद्धत आम्हांला ह्याच कारणाने चांगली वाटते. वरवर पाहता ती घाई वाटते. प्रत्यक्षात ती मुलाला सांगते, बघ, तू ज्याला होकार दिला आहेस तो हा माणूस. आता पुन्हा एकदा विचार कर.

परंतु पुन्हा एकदा विचार कर, असे म्हणणाऱ्याने दार उघडे ठेवले पाहिजे. आणि येथे अडचण जागेच्या नियमांत कमी, माणसांच्या मनांत जास्त असते. नियमाने बहुतेक अभ्यासक्रमांतून बाहेर पडता येते. पदवी घेऊन दुसऱ्या वाटेला लागता येते. अडवते ती लाज. सर्व नातेवाइकांना कळलेले असते, पेढे वाटलेले असतात, धर्मग्रामाच्या वार्तापत्रात छायाचित्र छापून आलेले असते. ज्या जागेसाठी हजारोंनी अर्ज केले, ती सोडणे म्हणजे देवाची देणगी लाथाडणे, असे कोणीतरी बोलून दाखवते. अशा वेळी आपल्याला न मिळालेल्या गोष्टीपेक्षा मिळालेली गोष्टच माणसाला जास्त घट्ट बांधून ठेवते.

प्रभू येशूने दोन मुलांचा दाखला सांगितला आहे. बापाने दोघांना द्राक्षमळ्यात जायला सांगितले. एकाने तत्काळ होकार दिला आणि तो गेला नाही. दुसऱ्याने नकार दिला आणि नंतर मन पालटून तो गेला. पित्याची इच्छा दुसऱ्याने पूर्ण केली. हा दाखला आपण नेहमी पश्चात्तापाच्या संदर्भात ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात बापाबद्दलही एक गोष्ट आहे, तिच्याकडे आमचे लक्ष उशिरा गेले. मुलगा तोंडावर नकार देतो, तरी बाप आरडाओरडा करीत नाही, शेजाऱ्यांना मध्यस्थीसाठी बोलावीत नाही, पत्रे लिहवून घेत नाही. त्या मुलाला नकार देण्याची मोकळीक होती, म्हणूनच नंतर त्याचे जाणे हे त्याचे स्वतःचे जाणे ठरले.

ख्रिस्तसभेने आपल्या दीर्घ अनुभवातून हे शहाणपण कायद्यात उतरविले आहे. १९८३ च्या धर्मविधानाप्रमाणे सतरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कोणाला नवशिक्यांच्या वर्गात, म्हणजे नॉव्हिशिएटमध्ये घेता येत नाही. अठरा पूर्ण झाल्याखेरीज तात्पुरती व्रते घेता येत नाहीत. ती व्रते निदान तीन वर्षांच्या मुदतीची असतात. आणि एकवीस पूर्ण झाल्याखेरीज आजन्म व्रते घेता येत नाहीत. मुदत संपली की उमेदवाराने स्वेच्छेने पुन्हा मागणी करायची असते, नाहीतर तो निघून जाऊ शकतो. बळजबरीने वा गंभीर भीतीपोटी घेतलेली व्रते वैधच ठरत नाहीत. विचार करण्यासारखी गोष्ट आहे ही. जी ख्रिस्तसभा पाचारण देवाकडून येते असे मानते, तीच सतरा वर्षांच्या मुलाला म्हणते, आत ये, राहा, पाहा, आणि जायचे असेल तर शांतपणे जा. देवाच्या हाकेलाही जर इतकी वर्षे तपासून घ्यायचे, तर आईबापांच्या हाकेला किती?

हन्नाने आपला शमुवेल जन्मापूर्वीच देवाला वाहिला होता आणि दूध तुटल्यावर मंदिरात नेऊन सोडला होता. आईच्या नवसाने तो मंदिरात पोहोचला. तरीही देवाने त्याला रात्री स्वतंत्रपणे, त्याच्या नावाने हाक मारली, आणि तो आवाज कोणाचा हे मुलाला तीनदा कळले नाही. प्रत्येक वेळी तो उठून वृद्ध एलीकडे धावला. एली शहाणा होता. मीच हाक मारली, असे तो म्हणाला नाही. पुन्हा जाऊन निज आणि ऐक, असे त्याने सांगितले. आम्ही आमच्या भाचीसाठी एली व्हायला हवे होते. आम्ही हन्नाचे वकील झालो.

आईबापांची इच्छा वाईट असते, असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. मेरी ग्लाउरी ह्या ऑस्ट्रेलियन तरुणीने कला शाखेत शिक्षण सुरू केले होते. वडिलांच्या प्रोत्साहनाने ती वैद्यकाकडे वळली आणि १९१० साली मेलबर्न येथून डॉक्टर झाली. तिचा व्यवसाय उत्तम चालला होता. १९१५ साली भारतातील स्त्रियांच्या आरोग्याच्या दैन्याविषयी एक पुस्तिका तिच्या वाचनात आली, आणि आपले आयुष्य कशासाठी आहे हे तिला तेव्हा कळले. १९२० साली ती गुंटूरला आली, धर्मभगिनी झाली, खास परवानगीने वैद्यकीय सेवा करीत राहिली, आणि १९४३ साली कॅथोलिक रुग्णालयांची भारतीय संघटना तिने उभी केली. वडिलांनी तिला दारापर्यंत आणले. आतली हाक तिला पाच वर्षांनी स्वतःच ऐकू आली. दोन्ही गोष्टींची गरज होती, परंतु दोन्ही एक नव्हत्या.

आणि वसईच्या माणसाने संत गोन्सालो गार्सिया यांना कसे विसरावे? तरुणपणी ते येशूसंघीय धर्मगुरूंसोबत जपानला गेले, धर्मशिक्षणाचे काम केले. त्या संघात सामील होण्याची त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. ते व्यापारात शिरले, त्यात यश मिळविले, आणि मग मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले. ज्या बंधूंसमवेत ते जपानला परतले, त्यांनी क्योटोत कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राण दिला, तेव्हा ते चाळिशीच्या आसपास होते. त्यांच्या विशीत कोणी हिशेब मांडला असता, तर वाट चुकलेला तरुण असाच शेरा मिळाला असता.

हे सर्व अमेरिकेतील मूठभर मुलांपुरते आहे, असे कोणी समजू नये. आपल्याकडे तर प्रत्येकच वैद्यकीय विद्यार्थी बारावीनंतर थेट ह्या वाटेला लागतो. साडेचार वर्षे शिक्षण, एक वर्ष आंतरवासिता. नीटला बसण्यासाठी किमान वय सतराच आहे. २०२४ साली वीस लाखांहून अधिक मुलांनी ती परीक्षा दिली. आणि आपल्या मुलाचा होकार तर सतराव्या वर्षीही नसतो. आठवीनवव्या इयत्तेत क्लासची फी भरली जाते, तेव्हाच तो गृहीत धरलेला असतो. अमेरिकेतील मुलाला निदान दुसरी पदवी हाताशी असते. आपल्याकडे मधेच सोडणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून आपल्याकडे तो प्रश्न अधिकच कठोर होतो. भारतीय बिशपांच्या परिषदेने १९६३ साली बंगळूर येथे सुरू केलेल्या सेंट जॉन्स महाविद्यालयात पदवीनंतर दुर्गम भागातील सेवेची अट असते. त्यामागचा विचार आम्हांला मोलाचा वाटतो, कारण ती अट विद्यार्थ्याला सांगते की तुझे वचन कोणाला आहे. परंतु कोणतेही महाविद्यालय घरातील संभाषणाची जागा घेऊ शकत नाही.

एक आक्षेप आम्ही मनोमन ऐकत आहोत. तुमची भाची तर चांगली डॉक्टर झाली. मग तुमच्या पत्राने बिघडले काय? शेवट गोड झाला, म्हणजे मार्गही योग्यच होता, असे समजायला काय हरकत आहे? आम्हांला हा युक्तिवाद मान्य करता येत नाही. एखाद्याचे पैसे न विचारता घेतले आणि ते त्याच्याच भल्यासाठी गुंतवून दुप्पट करून दिले, तरी विचारले नव्हते ही गोष्ट उरतेच. तिने तो होकार पुढे स्वतःचा केला असेल, तर ती तिची आणि तिच्यासमोर आलेल्या आजारी लेकरांची पुण्याई. आमची त्यात काही नाही. आणि ज्यांना तसे करता आले नाही, जी माणसे आयुष्यभर दुसऱ्याच्या होकाराचा पांढरा कोट घालून फिरली, त्यांच्या समोर बसलेल्या रुग्णाने ते ओळखलेच असेल. रुग्णाला फार लवकर कळते की डॉक्टरचे मन येथे आहे की नाही.

म्हणून आम्हांला एवढेच सुचवावेसे वाटते. ज्या घरी असे पत्र येईल, तेथे आनंद जरूर व्हावा. पेढे वाटावेत, मिस्सा अर्पावी, देवाचे आभार मानावेत. पण त्याच आठवड्यात, पाहुणे गेल्यावर, आईने किंवा बापाने मुलाला बाजूला घेऊन स्पष्ट शब्दांत सांगावे : तू जा. मन लावून शिक. आजारी माणसाकडे नीट पाहा. आणि दोन वर्षांनी तुला वाटले की ही वाट आपली नव्हे, तर घरी ये. ह्या घरात तुझे ताट तसेच वाढलेले असेल आणि तुझ्यामुळे आमची मान खाली जाणार नाही. हे बोलणे कठीण आहे, विशेषतः ज्यांनी रात्रपाळ्या केल्या आहेत त्यांना. तरीही ते आधीच बोलून ठेवावे. मूल फोनवर रडू लागल्यावर सुचेल, ह्या भरवशावर राहू नये. आम्हांला तेव्हा सुचले नाही.

ओट्यावरील त्या संध्याकाळी आमची मावसबहीणही तेथेच बसली होती. मुलीचे बोलणे ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, ही अभ्यासाला घाबरली. मी तरी कुठं विचारलं?" मुलीने काही न बोलता आईचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि सुजलेल्या घोट्यांवर बोट दाबून पाहू लागली, डॉक्टर पाहतात तसे. आम्ही उठून आत गेलो.